छावणीतलं आभार प्रदर्शन

मी पीएच.डी. सोडायचं ठरवलं ते एका राष्ट्रीय चर्चासत्रात, जेवणाची कुपनं वाटताना. चर्चासत्र राष्ट्रीय होतं, कारण एक प्राध्यापक गुलबर्ग्याहून आले होते, तेही सासुरवाडीला जाता जाता. विषय होता अवर्षणग्रस्त भागातला सहकार. आत माझे मार्गदर्शक सर शोधनिबंध वाचत होते आणि बाहेर टेबलापाशी मी उभी होते. निबंध मीच लिहिलेला होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या विभागात सगळ्यांचंच असं चालायचं. विद्यार्थ्यांनी लिहायचं, सरांनी वाचायचं आणि ऐकणाऱ्यांनी कुपन जपून ठेवायचं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. दार उघडं होतं, सरांचा आवाज बाहेर येत होता आणि 'परिप्रेक्ष्य' हा शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता. दर वेळी तिथं आले की ते अडखळत. तो शब्द मी त्यांच्यासाठीच घातला होता. माझ्या मनात आलं, आपण वयाची चांगली वर्षं अशा शब्दांवर घालवतोय, जे आपल्याला नकोत आणि यांना झेपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगायला गेले. ते केबिनमध्ये पेरू खात होते.

"विचार करा," ते म्हणाले. "तुमचं चौथं प्रकरण माझ्याकडेच आहे. ते मी एकदा वाचलं की झालंच तुमचं."

ते प्रकरण त्यांच्याकडे इतके दिवस पडून होतं, की त्यावर ठेवलेल्या कुंडीतलं रोप छपराकडे निघालं होतं. सरांनी पेरूला मीठ लावलं आणि म्हणाले, "शिवाय पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. तुम्ही गेलात तर फाइली कोण लावणार?"

सरांच्या बोलण्यात खरी गोष्ट नेहमी 'शिवाय'च्या पुढं यायची.

मी भाड्याची खोली सोडली. झेरॉक्सची पोती भरून एसटीच्या मागच्या सीटखाली ढकलली, बीडला उतरले आणि जीपनं लिंबागणेशच्या पुढं आमच्या गावाला आले. घराला कुलूप होतं. बाबा वस्तीतल्या बुद्धविहारात पेपर वाचत बसले होते. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. शाळा सुटल्यापासून त्यांच्याकडं शिकवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते पेपराला दुरुस्त करत बसायचे. मी सोडून आले म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सोडली असं कुणाला सांगू नको म्हणाले, अर्धी झालीय असं सांग.

माय कुठं आहे विचारलं, तर ती छावणीत. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या, कडबा संपलेला, आणि आमच्या दूध सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी घातली होती. जनावरं तिकडं, म्हणून माणसंही तिकडं. हिरव्या जाळीखाली गाई-म्हशींच्या रांगा, प्रत्येक दावणीपाशी एक चूल, एक बाज, एक हंडा. माय आमच्या दोन गाईंसोबत तिथंच राहायची. आमची रांग सगळ्यात शेवटची, ओढ्याच्या अंगाला. आमच्या पलीकडं धनगर वस्तीची जनावरं. पहिल्या रांगा कुणाच्या होत्या ते सांगायची गरज नाही. टँकर ज्या बाजूनं आत यायचा त्या बाजूच्या होत्या.

मायनं मला बघितलं आणि विचारलं, "सुटी हाय का?"

"न्हाई. सोडलं."

"बरं. ही गाय धर जरा, मी पाणी बघून येते."

झालं. ज्या बातमीची मी एसटीत बसून एवढी वाक्यं तयार केली होती, ती एवढ्यात संपली.

संध्याकाळपर्यंत छावणीभर झालं, की गुरुजींची पोरगी डॉक्टर होऊन आलीय. बाबांनी इतकी वर्षं गावात तेच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धनगर वस्तीतली एक म्हातारी पोट फुगलेलं वासरू घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. मी तिला समजावलं, की मी तसली डॉक्टर नाही, आणि खरं तर कसलीच नाही.

"मग इतके दीस काय शिकत व्हतीस?"

"सहकार."

म्हातारीनं वासराकडं बघितलं, मग सोसायटीच्या पाटीकडं बघितलं. "मग त्येलाच कर बरं," म्हणाली, आणि वासरू घेऊन गेली. वासरू बरं झालं. सहकाराचं पुढं सांगते.

पहिले काही दिवस मी गाईंना उसाचं वाढं टाकत होते आणि विचार करत होते, की आपल्याला नक्की येतं काय. संदर्भसूची करता येते. ती छावणीत कुणाला नको होती. एका पानाचं म्हणणं बारा पानांवर पसरवता येतं. आणि एक गोष्ट मला फार उत्तम यायची, जी कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती: समोरचा माणूस कितीही कंटाळवाणं बोलत असला तरी चेहऱ्यावर कुतूहल ठेवून ऐकणं. विभागातल्या व्याख्यानांनी माझी मान अशी तयार झाली होती, की ती योग्य जागी आपोआप हलायची.

याच मानेनं मला काम मिळवून दिलं. सोसायटीचे चेअरमन रोज सकाळी छावणीत येत. पांढरे कडक कपडे, खिशाला पेन, पाठीमागं दोन-चार माणसं. ते आपल्या बापाच्या काळापासूनचा सहकार सांगायला लागले की पाठीमागची माणसं जनावरं बघायला निघून जात. मी उभी राहिले. त्यांनी धरणापासून सुरुवात करून डेअरीपर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, तुमच्याइतकं समजदार माणूस या गावात न्हाई." मी एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी सोसायटीचे अर्ज आणि चेअरमनसाहेबांची भाषणं लिहायला लागले. त्यांची अपेक्षा स्पष्ट होती. सोपं लिहायचं नाही. "वाचल्यावर साहेबाला धाप लागली पायजे," ते म्हणायचे. हे मला जमण्यासारखं होतं. 'चारा कमी पडतोय' हे मी असं लिहायचे, की तहसीलमधला कारकून ते वाचून फोन करायचा आणि विचारायचा, मॅडम, नेमकं काय पाहिजे. मग मी सांगायचे, चारा कमी पडतोय.

म्हणजे जागा बदलली, सर बदलले, काम तेच राहिलं. फरक एवढाच, की चेअरमनसाहेब अवघड शब्द न अडखळता म्हणायचे. अर्थ माहीत नसला की जीभ मोकळी चालते.

एक कौशल्य मात्र मी उशिरा ओळखलं. चौथ्या प्रकरणासाठी मी केज तालुक्यातल्या गावांत हिंडून बायकांशी बोलले होते. तिथं मी शिकले होते, की प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं. पहिलं उत्तर माणूस पाहुण्याला देतं. तुम्ही हललाच नाही, तर दुसरं देतं, ते खरं असतं. एकदा टँकरचं पाणी आमच्या रांगेपर्यंत येईना. तळाचा गाळ तेवढा यायचा. माय आणि म्हातारी भांडून आल्या, उपयोग झाला नाही. मी चेअरमनसाहेबांच्या खुर्चीसमोर बसले आणि विचारलं, पाणी देताना पहिली रांग कुठली, हे कसं ठरतं. ते म्हणाले, तसं काही ठरलेलं नाही. मी मान हलवली आणि बघत राहिले. ते म्हणाले, टँकर त्या बाजूनं येतो ना. मी बघत राहिले. मग ते म्हणाले, पूर्वीपासूनच तसं हाय, आता तुमी शिकलेल्या माणसांनी मनाला लावून घेऊ नये. मी तरीही बघत राहिले. शेवटी त्यांना घाम आला आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, की उद्यापासून दर दुसऱ्या दिवशी शेवटच्या रांगेपासून सुरुवात करायची. मी काहीच मागितलं नव्हतं. एक दिवसाआड का होईना, मायच्या हंड्यात पहिल्या धारेचं पाणी पडायला लागलं.

उन्हाळा तापला तसा चेअरमनसाहेबांच्या डोक्यात एक योजना शिजली. सोसायटीचं संकलन केंद्र, ज्याला सगळे डेअरीच म्हणत, ते आमच्या वस्तीजवळ, विहाराच्या मागच्या खोलीत होतं. आमच्या आणि धनगर वस्तीतल्या बाया सकाळ-संध्याकाळ किटल्या डोक्यावर घेऊन तिथं दूध घालत. ते तिथून उचलून हमरस्त्याच्या फाट्यावर न्यायचं, असं साहेबांच्या मनात होतं. फाट्यावर त्यांचा प्लॉट होता. शेजारी त्यांच्या मेव्हण्याचं हॉटेल होतं. कारण मात्र त्यांनी मला 'आधुनिकीकरण' असं लिहायला सांगितलं.

लोक कुरकुर करतील हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी उपाय काढला. छावणीतच एक चर्चासत्र घ्यायचं, विद्यापीठातला मोठा माणूस बोलवायचा, त्याचं भाषण झालं की लगेच ठराव वाचायचा आणि मंजूर करून घ्यायचा. "शिकलेला मानूस बोलला की लोकं गप बसत्यात," ते म्हणाले. "तुमच्या वळखीचं कोन हाय का?"

मी सरांचा नंबर दिला. सर येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्यांनी अवर्षणावर आयुष्य काढलं होतं, पण उन्हात कधी आले नव्हते. पण त्यांचा मलाच फोन आला. बढतीसाठी त्यांना क्षेत्रभेटी दाखवायच्या होत्या. काही घडलंच नसल्यासारखी त्यांनी माझी चौकशी केली आणि म्हणाले, विषयावर तुमची काही टिपणं असतील तर पाठवता का.

मी सांगितलं, "तुमच्याकडंच आहेत, सर. चौथं प्रकरण. कुंडीखाली."

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेपुढं मांडव घातला. फ्लेक्सवर एका बाजूला चेअरमनसाहेब, दुसऱ्या बाजूला सर, आणि मध्ये इंटरनेटवरून घेतलेली एक परदेशी गाय, जी आमच्या छावणीत असती तर पहिल्या आठवड्यात मेली असती. आमच्या रांगेतल्या बायांना चेअरमनसाहेबांच्या माणसांनी मुद्दाम पुढं आणून बसवलं होतं, फोटोत सगळे समाज दिसावेत म्हणून. सूत्रसंचालन कॉलेजातल्या एका मास्तरांकडं होतं. आभार माझ्याकडं होते. आभार कायम बाईकडं असतात.

सर उठले, रुमालानं मान पुसली आणि वाचायला लागले. पहिल्या वाक्याला मी ओळखलं. दुसरं वाक्य मी मनातल्या मनात त्यांच्याआधी म्हटलं. ज्या प्रकरणासाठी मी इतकी वर्षं खेटे घातले, ते सर अखेर वाचत होते. पहिल्यांदाच वाचत होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. वाक्य कुठं संपणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते अधूनमधून स्वल्पविरामालाच थांबत आणि मास्तर टाळ्या वाजवत.

लोक ऐकत नव्हते. म्हातारी पेंगत होती. मागं म्हशी ओरडत होत्या. चेअरमनसाहेब पाय हलवत, समाधानानं मान डोलवत बसले होते. आणि सर वाचत वाचत त्या वाक्यापाशी आले: "दुग्धसंकलनाच्या स्थाननिश्चितीत स्त्री-उत्पादकांच्या पदभ्रमण-मर्यादेचा विचार न झाल्यास संस्थेच्या लोकशाही चारित्र्याचा ऱ्हास संभवतो." साहेबांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. त्या क्षणी मला हसू आलं नाही. मला लाज वाटली. केजकडच्या एका बाईनं मला हे सांगितलं होतं ते एका वाक्यात, चुलीपुढं बसून. त्यांची डेअरी लांब गेली, बायांना पायी जाणं जमेना, मग बापे गाडीवर दूध न्यायला लागले, आणि पगाराच्या दिवशी दुधाचे पैसे घरी येण्याआधी हॉटेलात थांबायला लागले. ती हे सांगताना रडली होती. मी तिचं 'पदभ्रमण-मर्यादा' केलं होतं.

मास्तरांनी माझं नाव पुकारलं. आता आभार, आणि त्यानंतर ठराव.

आभाराचं एक तंत्र असतं. ज्यांचे आभार मानायचे, ते काय बोलले याचा थोडक्यात गोषवारा घ्यायचा. विभागात हे काम नेहमी माझ्याकडंच असायचं. मी माइक हातात घेतला, साहेबांचे आभार मानले, मांडववाल्याचे मानले, आणि सरांकडं वळले.

"सर एवढ्या उन्हात आले आणि आपल्या डेअरीबद्दल बोलले, त्यांचे आभार. सरांनी सांगितलं, की डेअरी बायांना पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर पायजे. लांब न्हेली, की दूध बापे न्हेतात. बापे दूध न्हेतात, तिथं पगार हॉटेलात थांबतो. आणि मग सोसायटी लोकांची राहत न्हाई, फाट्यावरच्यांची व्हते. हे आपल्याला विद्यापीठातून येऊन कुणी सांगितलं नव्हतं. ते सरांनी सांगितलं, आणि अशा सरांना चेअरमनसाहेबांनी स्वतः बोलवून आणलं, म्हणून साहेबांचे परत एकदा आभार."

मांडव गप्प झाला. म्हशीसुद्धा ओरडायच्या थांबल्या असं लिहायचा मोह होतो, पण त्या ओरडतच होत्या. म्हातारी मात्र जागी झाली. ती उठून उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "असं म्हनले का तुमी?"

सरांनी कागदांकडं बघितलं. मग माझ्याकडं. चार-पाच वर्षांत पहिल्यांदाच माझ्या लिखाणाबद्दल त्यांना मत द्यावं लागत होतं.

"हो," ते म्हणाले. "म्हणजे, व्यापक अर्थानं तसंच."

"मग डेअरी हालवू नका म्हना यांना."

मागून कुणीतरी "मंजूर" म्हणालं. सर्वसाधारण सभेत चेअरमनसाहेबांचीच माणसं हे ओरडायची, त्यामुळं सगळ्यांना सवय होती. एकानं म्हटलं की सगळा मांडव म्हणायला लागला. मायला मी कधी चारचौघांत मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तीही म्हणत होती.

चेअरमनसाहेबांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. त्यांनी ठरावाचा कागद शांतपणे घडी करून खिशात घातला, माइक घेतला आणि सांगितलं, की नेमकं हेच आपल्या मनात होतं, म्हणूनच आपण एवढ्या मोठ्या विद्वानाला बोलावलं. काही लोक डेअरी फाट्यावर न्यायची अफवा पसरवत होते, त्यांना आज चोख उत्तर मिळालं. असं पलटायची पदवी विद्यापीठात मिळत नाही.

सर जेवून निघाले. जीपपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, रागावतील. पण ते मोकळेपणानं म्हणाले, की माझ्या भाषेत चांगला फरक पडलाय, आणि परत नोंदणी केली तर ते बघतील.

मग दार लावता लावता म्हणाले, "शिवाय, ते हॉटेलात पगार थांबतो वगैरे जे बोललात, ते जरा लिहून पाठवाल का? लेखात चांगलं बसेल."

मी म्हणाले, "ते तुमच्या भाषेत बसणार न्हाई, सर." त्यांनी विनोद समजून हसून घेतलं. लेख पुढं छापून आला म्हणे. त्यात एका स्थानिक कार्यकर्तीचे ऋण मान्य केले होते. ती मी असेन.

साहेबांनी पंधरा-वीस दिवस मला बोलावलं नाही. भाषणं मास्तर लिहीत होते. पण मास्तरांना ऐकायची सवय नव्हती, तेही बोलायला लागायचे. शेवटी साहेब एका सकाळी आमच्या दावणीपाशी आले, बाजेवर बसले आणि आपल्या बापाच्या काळापासून सुरुवात केली. मी ऐकलं. निघताना त्यांनी सांगितलं, की डेअरीच्या खोलीचं उद्घाटन करायचंय, भाषण पाहिजे. मी विचारलं, डेअरी तर हलली नाही, उद्घाटन कशाचं. ते म्हणाले, न हललेल्या डेअरीचंच. ते झालंही. खोलीला नवा रंग लागला, साहेबांच्या वडिलांच्या नावाची पाटी लागली, नारळ फुटला. भाषण मी सोपं लिहिलं. त्यांना ते आवडलं नाही, पण दुसरं लिहायला वेळ नव्हता.

पाऊस पडल्यावर छावणी उठली. माय गाई घेऊन घरी आली. पुढच्या वर्षी डेअरीचा सचिव पाटोद्याला मुलाकडं राहायला गेला आणि त्या जागेवर दोन्ही वस्त्यांतल्या बायांनी माझं नाव लावून धरलं. साहेबांनी बराच विचार केला आणि शेवटी आपणच सुचवलं असं जाहीर केलं. आता सकाळ-संध्याकाळ मी किटल्या मोजून घेते, मशीनवर दुधाचं फॅट लावते आणि बायांची भांडणं ऐकते. म्हातारी रोज मशीनवर संशय घेते. मशीन बरोबर आहे हे मी तिला रोज पटवते आणि ती रोज पटवून घेत नाही.

बाबा मात्र अजून विहारात बसून, मला बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, की पोरीची पीएच.डी. अर्धी झालीय. पाहुणे विचारतात, उरलेली अर्धी कधी होणार. बाबा पेपर उचलतात आणि त्यातली एखादी चूक त्यांना दाखवतात.